एकच पाऊस, दोन रानं

यवतमाळकडच्या एखाद्या बरड रानात पेरणीनंतर पंधरा दिवसांनी जा आणि पेरणीची ओळ उकरून बघा. पावसानं दडी मारली असेल तर सरकी मोड काढून तिथेच वाळलेली दिसते. त्याच गावात नाल्याकाठच्या काळ्या जमिनीत मात्र पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, तरारलेली असते. पाऊस दोघांवर सारखाच पडलेला.

फरक मातीच्या खोलीचा. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि हळूहळू मुळांना देत राहते, म्हणून खोल जमीन पावसाचा मोठा खंड निभावून नेते. वीतभर खाली मुरूम लागणाऱ्या बरडाला तो झेपत नाही. मुरमाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ. पाणी साठतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात, त्यामुळे विहिरीला पाणी लागेलच याची खात्री नसते.

पीक मोडलं की दुबार पेरणी. संकरित कापसाचं घरचं बी चालत नाही, पाकीट पुन्हा विकतच घ्यायचं. मागचं पीककर्ज थकलं असेल तर बँक दारात उभं करत नाही. मग कृषी केंद्राची उधारी, नाहीतर सावकार. ती फेडायची दिवाळीच्या सुमारास, पहिल्या वेचणीवर. तेव्हाच सगळ्यांचा कापूस बाजारात येतो आणि भाव उतरतो. भाव चढेपर्यंत माल घरात ठेवणं या माणसाला परवडत नाही. ‘शेतकऱ्याला हिशेब कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

खोल जमीनवालेही सुटले नाहीत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बीटी कापूसही पोखरला, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकबदल केलेलं वाण. अळी कोवळ्या बोंडात शिरते, छिद्र बुजून जातं, मग वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

त्यात वाटण्या. राज्यात एका खातेदाराकडची सरासरी शेतजमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर.

खंडात एक पाणी मिळालं तरी पीक तगतं, म्हणून शेततळं हवंच. पण २० बाय २० मीटरच्या तळ्याला चार गुंठे जातात, आणि बरडाच्या मुरमातून पाणी झिरपून जातं. तिथे प्लास्टिकचं अस्तर लागतं, उपसायला इंजिन लागतं. म्हणजे ज्याचं रान सर्वांत आधी वाळतं, त्यालाच तळ्याचा खर्च सर्वांत जास्त.