व्यापारी नाव (कंपनीचे)

गिऱ्हाईक, अडत्या आणि मालवाहू गाडीवाला ज्या नावाने धंद्याला ओळखतात, ते त्याचे व्यापारी नाव. कंपनी कायद्याखाली स्थापन झालेल्या संस्थेला याशिवाय एक अधिकृत नाव असते. ते तिच्या स्थापनेच्या दाखल्यावर असते. ही दोन नावे एकच असलीच पाहिजेत, असे नाही. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी एकाला ‘पाटीवरचे नाव’ आणि दुसऱ्याला ‘कागदावरचे नाव’ म्हणून भागते.

या भेदाचे जुने उदाहरण नागपुरात सापडते. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये स्थापलेल्या कंपनीचे नाव ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ होते. तिची गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले, म्हणून गिरणी ‘एम्प्रेस’ झाली. भोवतालच्या कपाशीच्या मुलखाला ती ‘एम्प्रेस मिल’ म्हणूनच माहीत होती. कंपनीचे लांबलचक नाव कागदपत्रांतच राहिले.

अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत आणि कॅनडात कंपनीला दुसऱ्या नावाने धंदा करायचा असेल तर ते नाव सरकारदरबारी वेगळे नोंदवावे लागते. भारतात अशी स्वतंत्र नोंदवही नाही. कंपनी निबंधक अधिकृत नाव देतो, वस्तू व सेवा कर खाते (जीएसटी) व्यापारी नाव टिपून घेते, दुकाने अधिनियमाखालच्या कागदावर (‘शॉप ॲक्ट’) आस्थापनेचे नाव येते आणि नावावर हक्क सांगायचा असेल तर व्यापारचिन्ह कार्यालयाकडे जावे लागते. यातले पहिले तीन कागद हाती आले की नाव ‘आपले’ झाले असे मानण्याची चूक सर्रास होते. खरे तर त्या तीन कागदांपैकी एकही दुसऱ्याला तेच नाव वापरण्यापासून रोखत नाही. अपवाद एवढाच की निबंधक त्याच नावाची दुसरी कंपनी नोंदवत नाही. पण शेजारच्या तालुक्यातल्या एकट्या मालकाच्या दुकानावर त्याचा काहीच अधिकार चालत नाही.

अधिकृत नाव कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ४ खाली मिळते. नव्या कंपनीसाठी ‘स्पाइस प्लस’ या ऑनलाइन अर्जाच्या पहिल्या भागात दोन नावे पसंतीक्रमाने देता येतात. शुल्क १,००० रुपये आहे. अर्जाची छाननी हरियाणातल्या मानेसर येथील केंद्रात होते, त्यामुळे गडचिरोलीच्या कंपनीचे नाव तपासणारा कारकून तिथून हजार किलोमीटरवर बसलेला असतो. मंजूर नाव २० दिवस राखून ठेवले जाते. चालू कंपनीला नाव बदलायचे असेल तर ही मुदत ६० दिवसांची असते.

नाव फेटाळले जाण्याची कारणे कंपनी (स्थापना) नियम, २०१४ मधल्या नियम ८ मध्ये आहेत आणि विदर्भातले अर्जदार बहुधा तिथेच अडखळतात. शेगावच्या गजानन महाराजांवरच्या श्रद्धेमुळे या भागात ‘गजानन’ नावाच्या दुकानांना तोटा नाही. कृषी केंद्र असो की हॉटेल, पाटीवर ‘श्री गजानन’ चालते. कंपनी काढायची म्हटली की मात्र अडचण येते. नियमानुसार शब्दांची अदलाबदल, एकवचनाचे अनेकवचन, स्पेलिंगचा किंवा अंतराचा फरक यांमुळे नाव वेगळे ठरत नाही. रोमन लिपीत ‘श्री’ दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतो, पण नियमाच्या दृष्टीने तो एकच. ज्या नावात गावाचे नाव नाही त्याला नुसते गाव जोडूनही सुटका होत नाही. ‘गजानन ॲग्रो’ आधीच नोंदलेले असेल तर ‘गजानन वरुड ॲग्रो’ म्हणून काम होत नाही. हिंदी किंवा इंग्रजीतल्या पूर्ण भाषांतरालाही हाच नियम लागू आहे. मराठीचा त्यात उल्लेख नाही, पण त्या भरवशावर अर्ज करू नये. आधीच्या कंपनीने संचालक मंडळाचा ठराव करून ना-हरकत दिली तर सारखे नावही मिळू शकते. मात्र दुसऱ्याच्या ठरावावर आपला धंदा उभा करणे कुणी फारसे पसंत करत नाही.

काही नावे मुळातच वर्ज्य आहेत. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे आहेत, तेव्हा ती व्यापारासाठी वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते. ‘बँक’ किंवा ‘विमा’ असे शब्द असतील तर त्या त्या नियामकाची मंजुरी हवी. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने अधिनियमात झालेल्या दुरुस्तीनुसार दारूच्या दुकानाला महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येत नाहीत. हा नियम पाटीचा आहे, कंपनीच्या नावाचा नाही. पण पाटीवरच बंदी आली तर कागदावरच्या नावाचा उपयोग काय?

विदर्भाच्या ग्रामीण भागात कंपनी म्हटली की हल्ली बहुधा शेतकरी उत्पादक कंपनी असते. २००२ च्या दुरुस्तीने जुन्या कंपनी कायद्यात आलेली ही जात आता २०१३ च्या अधिनियमात आहे. किमान दहा उत्पादक लागतात, संचालक पाच ते पंधरा, आणि नावाच्या शेवटी ‘प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द येतातच. पोकरा आणि स्मार्ट या राज्याच्या कृषी प्रकल्पांतून अशा कंपन्यांना बळ मिळाले. म्हणून यवतमाळ-वाशिमकडे ‘अमुक ॲग्रो फार्मर्स प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ असली लांबच लांब नावे दिसतात. बारदानावर ते नाव मावत नाही आणि मावले तरी कुणी वाचत नाही. तूर डाळीच्या पाकिटावर म्हणूनच छोटे, ठसठशीत नाव घेतात. इथे खरोखर व्यापारी नावाची गरज पडते.

ते नाव प्रथम जीएसटीच्या अर्जात (नमुना आरईजी-०१) लिहिले जाते. त्या अर्जात ‘कायदेशीर नाव’ आणि ‘व्यापारी नाव’ असे दोन वेगळे रकाने आहेत. पहिला रकाना पॅनवरून येतो, तो आपल्या मनाने बदलता येत नाही. दुसरा आपण भरतो. दाखल्यावर दोन्ही छापून येतात, आणि बँकेचा व्यवस्थापक चालू खात्याच्या वेळी हाच दाखला मागतो. तिथे नाव आले म्हणून त्यावर हक्क आला, असे नाही. कर खात्याला कर कोण भरतो ते हवे असते, नाव कोणाचे याच्याशी त्याला घेणे नसते.

व्यापारी नावाने धंदा केला तरी अधिकृत नाव लपवता येत नाही. कंपनी अधिनियमाच्या कलम १२ नुसार धंदा चालतो त्या प्रत्येक जागेबाहेर कंपनीचे नाव व नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लिहावा लागतो, तोही त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीत. बिल, लेटरहेड आणि नोटिसांवर नाव, पत्ता, दूरध्वनी, ई-मेल आणि २१ अक्षरी-आकडी कंपनी ओळख क्रमांक लागतो. चूक झाली तर दिवसाला १,००० रुपये, कमाल एक लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय राज्याचा पाटीचा नियम आहे. आधी मराठीत, देवनागरीत, आणि अक्षरे इतर भाषांपेक्षा लहान नकोत. जीएसटीच्या नियम १८ नुसार त्याच पाटीवर जीएसटी क्रमांकही हवा. आवेष्टित वस्तूंच्या नियमांमुळे पाकिटावर उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता लागतोच. म्हणजे पाकिटावर मोठ्या अक्षरांत ब्रँड आणि खाली बारीक अक्षरांत कंपनी. कृषी केंद्र चालवणाऱ्या कंपनीची आणखी एक कटकट असते. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने वेगवेगळ्या कायद्यांखाली आणि आदेशांखाली निघतात. एकावर पाटीचे नाव आणि दुसऱ्यावर कंपनीचे नाव पडले, तर तपासणीच्या वेळी दोन्ही एकच संस्था आहे हे पटवण्यात निम्मा दिवस जातो.

नावावर खरा हक्क व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली मिळतो. वस्तू व सेवांचे ४५ वर्ग आहेत. हळद-मिरची पूड ३० मध्ये, ताजी संत्री ३१ मध्ये, कच्चा कापूस २२ मध्ये, किरकोळ विक्री ३५ मध्ये. एका वर्गाचे ऑनलाइन शुल्क ९,००० रुपये आहे, उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला ४,५००. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. नाव व्यापारचिन्ह कार्यालयाच्या नियतकालिकात छापून आल्यावर चार महिने कुणालाही विरोध करता येतो. नोंदणी १० वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण होते. नोंद नसली तरी वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे वापरलेल्या नावाला दिवाणी न्यायालयात संरक्षण मिळू शकते, म्हणून जुनी बिलबुके जपून ठेवावीत. नोंदवलेल्या चिन्हासारखे नाव दुसऱ्या कंपनीने घेतले तर कंपनी अधिनियमाच्या कलम १६ खाली तीन वर्षांच्या आत तक्रार करून ते बदलायला लावता येते.

देवाधर्माच्या आणि गावांच्या नावांना मात्र इथेही सहसा कुंपण घालता येत नाही. ‘रामायण’ हे नाव उदबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचे करू देण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला. नुसते मालाचे मूळ ठिकाण सांगणारे नावही एरवी चिन्ह होत नाही. नागपुरी संत्रे, भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद ही भौगोलिक मानांकने आहेत. त्यांचा वापर नोंदलेल्या उत्पादकांनी करायचा असतो, पाकिटावर पहिल्यांदा छापणाऱ्याने नव्हे.

अधिकृत नाव बदलायचे असेल तर विशेष ठराव करून निबंधकाकडे अर्ज करावा लागतो आणि नवा दाखला मिळाल्यावरच बदल लागू होतो. त्यानंतर पॅन, जीएसटी (बदल झाल्यापासून १५ दिवसांत), बँक, बाजार समितीचा परवाना आणि बियाणे-खतांचे परवाने एकेक करून दुरुस्त करावे लागतात. बदलानंतर दोन वर्षे पाटीवर आणि बिलावर नव्या नावाशेजारी जुने नावही लिहावे लागते. त्यामुळे पाटी रंगवणाऱ्याला त्याच फळीवर दोन नावे बसवावी लागतात.