कुलाब्यात घडलेली खगोलयंत्रं

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत खगोलशास्त्र आलं ते विश्वकिरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचा, माग काढत. होमी भाभांचा तो जिव्हाळ्याचा विषय. १९४५ मध्ये बंगळुरूत सुरू झालेली संस्था त्याच वर्षअखेरीस पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन १९६२ चं. विश्वकिरण मोजायचे तर उपकरण उंच न्यायला हवं, म्हणून फुगे सोडले जाऊ लागले. पुढे प्लॅस्टिकचे मोठे फुगेही संस्थेनं स्वतःच बनवायला घेतले. माझ्या मते पुढच्या साऱ्या कामाचं मूळ या हातकामात आहे.

१९६३ मध्ये गोविंद स्वरूप संस्थेत आले. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या १.८ मीटर व्यासाच्या ३२ अँटेना-तबकड्या त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला उभ्या केल्या आणि सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींचा अभ्यास सुरू झाला. कल्याणहून रोज लोकल पकडणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? भारतीय रेडिओ-खगोलशास्त्राच्या इतिहासात कल्याणचं नाव आदरानं घ्यायला हवं. तिथल्या अनुभवावर १९७० मध्ये उटीची रेडिओ-दुर्बीण झाली: ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. तिच्यासाठी मुद्दाम ११ अंशांच्या आसपास उतार असलेली टेकडी शोधली, कारण तिथला अक्षांशही तेवढाच. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो आणि ती एकाच दिशेनं फिरवत तासन् तास एका स्रोताचा पाठलाग करता येतो. नारायणगावजवळ खोडदची ३० अँटेनांची दुर्बीण हा त्याच मंडळींचा पुढचा पल्ला.

फुग्यांची वाटही चालूच होती. अवकाशातले क्ष-किरण हवा शोषून घेते, तेव्हा १९६८ पासून हैदराबादहून फुग्यांवर क्ष-किरण शोधक जाऊ लागले. २८ सप्टेंबर २०१५ ला झेपावलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहावरचा ‘लॅक्सपीसी’ हा क्ष-किरण शोधक याच परंपरेतला. त्याच्या तीन पेट्यांत दाबाखाली झेनॉन वायू भरला होता. क्ष-किरण अणूवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतात, बारीक तारांकडे ओढले जातात, तारेजवळ त्यांची संख्या झपाट्यानं वाढते आणि विद्युत स्पंद नोंदवला जातो. कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूची सेकंदाच्या अंशातली थरथर त्यातून टिपता येते. वायूत थोडाही ऑक्सिजन मिसळला तर तो इलेक्ट्रॉन गिळतो; म्हणून वायू शुद्ध करणारी यंत्रणाही उपकरणासोबतच वर पाठवली गेली.