लिनक्सवरील वेब-व्हिडिओ : दोष व निवारण

लिनक्स कार्यप्रणालीच्या संगणकावर ब्राउझरमधून व्हिडिओ पाहताना चित्र न उमटणे, ते अडखळत सरकणे, आवाज व चित्र यांचा मेळ सुटणे किंवा हे स्वरूप चालत नाही असा संदेश येणे, अशा दोषांचे कारण शोधून ते दूर करण्याची पद्धत.

या दोषांच्या मुळाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ते वेबवर व्हिडिओ दाखवण्यासाठी ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या फ्लॅश या प्लगइनच्या काळातले आहे : लिनक्ससाठी फ्लॅशची आठवी आवृत्ती निघालीच नाही, थेट नववी जानेवारी २००७ मध्ये आली. दुसरे मत कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ आटोपशीर साठवण्याच्या व पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीच्या, परवान्यांकडे बोट दाखवते. फ्लॅशला मिळणारा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपल्यानंतरही तक्रारी उरल्या, हे पाहता दुसरेच मत अधिक ग्राह्य वाटते. ऑपेरा या ब्राउझर-कंपनीने २००७ मध्ये वेबपानात थेट व्हिडिओ बसवणारा व्हिडिओ टॅग सुचवला, तेव्हाच्या मसुद्यात थिओरा या खुल्या कोडेकची शिफारस होती. नोकिया व ॲपल यांच्या आक्षेपांनंतर ती त्याच वर्षाअखेरीस वगळली गेली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल५ ही वेबपानांची भाषा प्रमाण ठरली ती कोणतेही कोडेक बंधनकारक न करता. व्यवहारात २००३ चे एच.२६४ हे कोडेक सर्वत्र रुजले, मात्र त्यावर पेटंटे असल्याने फेडोरासारखे वितरण (लिनक्सची तयार बांधलेली आवृत्ती) एच.२६४सह पूर्ण एफएफएमपेग हा कोडेकांचा संच आपल्या भांडारात ठेवत नाही आणि वापरणाऱ्याला आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडाराकडे जावे लागते. डेबियन हे दुसरे वितरण तो ठेवते. लिनक्सवरील फायरफॉक्स याच प्रणालीगत संचावर विसंबून असल्याने एकच ब्राउझर एका वितरणावर चालतो व दुसऱ्यावर हटून बसतो. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक-प्रोग्राम पेटंटयोग्य नाही. तरीही वितरणांचे निर्णय मुख्यतः अमेरिकेतील कायदा पाहून होत असल्याने त्यांची झळ पणजीतील वापरणाऱ्यालाही लागते.

गोव्यात पावसाळ्यात अडखळणाऱ्या व्हिडिओचा दोष बहुधा इंटरनेट देणाऱ्याच्या माथी मारला जातो, आणि पुष्कळदा तो रास्तही असतो. शहानिशा मात्र सोपी आहे. समजा, फोंडा तालुक्यातील एखाद्या देवस्थानाच्या उत्सवी मराठी नाटकाचे ध्वनिचित्रण यूट्यूबवर पाहताना नांदी चालू असतानाच चित्र मागे पडू लागले. चित्रावर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडल्यास कोडेकचे नाव, गळालेल्या फ्रेमांचा आकडा व पुढे साठवलेला भाग किती सेकंदांचा आहे ते दिसते. साठा भरपूर असून फ्रेमा गळत असतील, तर खोट इंटरनेटच्या जोडणीत नसून विसंकेतनात, म्हणजे कोडेकातून चित्र उलगडण्यात, आहे. कोडेक ‘एव्ही०१’, म्हणजे एव्ही१, असल्यास संशय बळावतो, कारण एव्ही१ चे हार्डवेअर-विसंकेतन संगणकांच्या ग्राफिक्समध्ये साधारणपणे २०२० पासूनच येऊ लागले. जुन्या यंत्रात सारा भार प्रोसेसरवर पडतो व पंखा जोरात फिरू लागतो. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ या सेटिंगच्या पानावर एव्ही१ बंद केल्यास यूट्यूब व्हीपी९ किंवा एच.२६४ या जुन्या कोडेकमधले चित्र पाठवते. ग्राफिक्स ड्रायव्हर कोणती कोडेके हाताळतो हे ‘व्हीएइन्फो’ या आज्ञेने कळते. तेथे एच.२६४ न दिसल्यास ड्रायव्हर अपुरा आहे किंवा, २०२२ पासूनच्या फेडोराप्रमाणे, वितरणाने तो भाग मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हर-संचामधून वगळला आहे.

चित्र ठीक असून आवाजच नसेल तर पल्सऑडिओ किंवा पाइपवायर ही ध्वनिव्यवस्था कोणत्या साधनाकडे आवाज पाठवत आहे ते पाहावे. एचडीएमआयने टीव्ही जोडलेला असल्यास आवाज बहुधा तिकडे गेलेला असतो.

चित्रपट दाखवणाऱ्या सशुल्क सेवांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना वाइडव्हाइन हा नक्कल रोखणारा संरक्षण-घटक लागतो. फायरफॉक्स तो परवानगी विचारून उतरवून घेतो, तर वितरणांनी बांधलेल्या क्रोमियम या ब्राउझरमध्ये तो सहसा नसतो. लिनक्सवर त्याची हार्डवेअरवर आधारलेली कडक पातळी सामान्यतः उपलब्ध नसल्याने काही सेवा चित्राचा दर्जा मुद्दाम कमी ठेवतात. हा दोष नसून सेवेचे धोरण असल्यामुळे ड्रायव्हर वा कोडेक बदलून त्यावर उपाय होत नाही.