सीएसआर निधी आणि सरकारी अनुदान: अर्जाआधी संस्थेने कोणते कागद, कोणत्या क्रमाने तयार ठेवावेत

कंपनीकडून सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, मागणाऱ्या संस्थेकडे नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेच्या नावाचे पॅन, बँक खाते, आयकराची १२ए नोंदणी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी), ८०जी मान्यता (देणगीदाराला करसवलत देणारी) आणि सीएसआर-१ फॉर्मचा क्रमांक असावा लागतो. सरकारी अनुदानासाठी यात नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा युनिक आयडी येतो. यादी छोटी दिसते, पण यातला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा आहे. पहिल्या कागदात नावाची चूक असेल तर ती शेवटच्या कागदापर्यंत जाते. त्यामुळे जाहिरात निघाल्यावर धावपळ सुरू करणाऱ्या संस्थेची मुदत बहुधा प्रस्ताव लिहिण्याआधीच संपते.

नोंदणी, शेड्यूल-१ आणि अडकलेले बदल अर्ज

महाराष्ट्रात बहुतेक सामाजिक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात (त्यासाठी किमान ७ सदस्य लागतात) आणि त्या संस्था १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदल्या जातात. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी हा तिसरा मार्ग. निधी देणाऱ्याला तिन्ही चालतात. त्याला बघायचे असते ते इतकेच, की आज संस्था चालवणारी माणसे आणि सरकारी नोंदीतली माणसे एकच आहेत का.

जुन्या संस्थांचे घोडे इथेच पेंड खाते. विश्वस्त निवृत्त झाला, वारला किंवा नवी कार्यकारिणी निवडली, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत शेड्यूल-१ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर जुनीच नावे राहतात. दर्पणवर आजचे अध्यक्ष, बँकेत मागचे खजिनदार आणि शेड्यूल-१ वर दहा वर्षांपूर्वीची कार्यकारिणी असे चित्र दिसले की कंपनीचा छाननी करणारा माणूस फाईल बाजूला ठेवतो. आत वाद आहे की नुसता आळस आहे, हे त्याला बाहेरून कळत नाही.

मागचे अनेक बदल राहिले असतील तर फक्त शेवटच्या निवडणुकीचा अर्ज देऊन काम होत नाही. आधीच्या कार्यकारिणीची नोंदच नसेल तर तिने बोलावलेली सभा वैध कशी, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून प्रत्येक बदलाचा अर्ज क्रमाने द्यावा आणि सोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा. प्रत्येक अर्जाला सभेची नोटीस, ती सदस्यांना मिळाल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्त, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला आणि नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे लागतात. नोटीस पोचल्याचा पुरावा बहुतेकांकडे नसतो, आणि विरोधी गट हरकत घेतो तेव्हा पहिले बोट तिथेच ठेवतो. अर्ज प्रलंबित असेल तर दाखल केल्याची शिक्क्याची प्रत आणि ठरावाची प्रत प्रस्तावाला जोडावी. काही देणगीदार तेवढ्यावर पुढे जातात, काही जात नाहीत.

नावाचेही तसेच. नोंदणी प्रमाणपत्र मराठीत असते आणि इंग्रजी स्पेलिंग पॅनचा अर्ज भरणारा ठरवतो. मग ‘बहुउद्देशीय’ आणि ‘संस्था’ या दोन शब्दांची पॅनवर एक, बँकेत दुसरी आणि लेटरहेडवर तिसरी स्पेलिंग होते. कार्यकारिणीच्या ठरावाने एकच स्पेलिंग ठरवा आणि आधी पॅन दुरुस्त करा, कारण १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ या सगळ्यांचा आधार पॅन आहे.

१२ए आणि ८०जी

नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. ती संपण्याच्या किमान ६ महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत, यातले जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. नियमित नोंदणी ५ वर्षांची असते. २०२५ च्या वित्त अधिनियमाने लहान संस्थांना, म्हणजे आधीच्या दोन वर्षांत प्रत्येकी ५ कोटी रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना, १२ए ची नोंदणी १० वर्षांसाठी मिळण्याची सोय केली. ती सवलत १२ए ला आहे. ८०जी ची मुदत वेगळी तपासावी, दोन्ही एकाच दिवशी संपतात असे धरून चालू नये.

२०२१ मध्ये जुन्या संस्थांची फेरनोंदणी झाली, त्यांच्या पाच वर्षांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. ज्यांनी सहा महिने आधीची तारीख चुकवली त्यांनी कंपनीला प्रस्ताव देण्याआधी सीएला भेटावे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलतात. बोलीभाषेत मात्र ‘१२ए’ आणि ‘८०जी’ हेच चालत राहणार, तेव्हा अर्जात दोन्ही संदर्भ द्यावेत.

८०जी मिळाल्यावर काम संपत नाही. दर वर्षाच्या देणगीदारांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरावे लागते, आणि त्यातूनच देणगीदाराचे प्रमाणपत्र तयार होते. जुन्या कायद्यात उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क होते. छाननीत हे विवरणपत्र मागितले जाते, कारण संस्थेला शिस्त आहे की नाही ते त्यावरून लगेच कळते.

दर्पण आणि सीएसआर-१

दर्पण नोंदणी मोफत आहे. संस्थेचे पॅन आणि पदाधिकाऱ्यांचे पॅन व आधार लागतात. पॅनवरचे आणि आधारवरचे नाव जुळले नाही तर पडताळणी अडते. ‘दर्पण काढून देतो’ म्हणून काही हजार मागणारे भेटतील, ते पैसे वाचवावेत.

सीएसआर-१ हा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरचा फॉर्म १ एप्रिल २०२१ पासून आला. अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही लागते आणि व्यवसायात असलेल्या सीए, सीएस (कंपनी सचिव) किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणीकरण लागते. फॉर्म दाखल झाला की क्रमांक आपोआप तयार होतो. हा क्रमांक म्हणजे निधीची मंजुरी नव्हे, फक्त रांगेत उभे राहण्याची परवानगी. शिवाय कंपनीने किंवा सरकारने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच प्रकारच्या कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि कामाचे अहवाल हाच त्याचा पुरावा. ताळेबंदात आरोग्य शिबिरांवर खर्चच दिसत नसेल तर ‘आम्ही आरोग्यात काम करतो’ हे वाक्य कितीही मोठ्या अक्षरांत लिहून उपयोग नाही.

कोणाकडे मागायचे आणि कधी

निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यातली एक मर्यादा गाठणारी कंपनी कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ खाली, म्हणजे सीएसआरच्या सक्तीखाली, येते. तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय आणि क्षेत्रनिहाय खर्च पाहता येतो, आणि मंजूर प्रकल्प कंपनीला आपल्या संकेतस्थळावर दाखवावे लागतात. या दोन ठिकाणी एक दुपार घालवली तर पन्नास कंपन्यांना एकच पत्र पाठवण्याचा खर्च वाचतो. कायदा कंपनीच्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, म्हणून सुरुवात तुमच्या तालुक्यात कारखाना असलेल्या कंपनीपासून करा. तुमचे काम त्याच अधिनियमाच्या अनुसूची ७ मधल्या, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीतल्या, कोणत्या बाबीत बसते, ते पत्राच्या पहिल्या परिच्छेदात यावे.

वार्षिक कृती आराखडा सीएसआर समिती वर्षाच्या आगेमागे ठरवते. जानेवारी ते एप्रिलमध्ये पोचलेला प्रस्ताव त्यात बसू शकतो. मार्चमध्ये येणारे फोन बहुधा उरलेली रक्कम संपवण्यासाठी असतात. तेही नाकारू नयेत, पण २८ मार्चला खात्यात आलेले पैसे संस्थेच्या त्याच वर्षाच्या उत्पन्नात धरले जातात आणि आयकरात ८५ टक्के उत्पन्न वर्षात वापरण्याची अट आहे. न वापरलेली रक्कम पुढे न्यायची तर त्यासाठीचा फॉर्म संस्थेच्या आयकर विवरणपत्राच्या मुदतीआधी वेळेत भरायचा असतो. सीएला एप्रिलमध्येच सांगा, सप्टेंबरमध्ये नको.

देणारी कंपनी परदेशी मालकीची असेल तर तो पैसा एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) खालचे विदेशी योगदान ठरतो का, हे आधी विचारावे आणि ‘आम्ही विदेशी स्रोत नाही’ असे पत्र कंपनीकडून घ्यावे. एफसीआरए नोंदणीसाठी ३ वर्षांचे अस्तित्व आणि मागच्या ३ वर्षांत मुख्य कामांवर १५ लाख रुपये खर्च ही वेगळी अट आहे.

अंदाजपत्रक

प्रस्तावाचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग हा. प्रत्येक ओळ नग × दर × कालावधी अशी मोडून दाखवा. ‘प्रशिक्षण खर्च ३,६०,००० रुपये’ यापेक्षा ‘प्रशिक्षक २ × १० महिने × १८,००० = ३,६०,०००’ हे बरे, कारण कंपनीला रक्कम कापायची असेल तर ती महिने कमी करेल, सगळी ओळ उडवणार नाही.

जीएसटी विसरला जातो. ४ लॅपटॉप प्रत्येकी ४०,००० म्हणजे १,६०,००० रुपये लिहिले जातात. १८ टक्के करासह बिल येते १,८८,८०० चे. बहुतेक संस्थांना हा कर परत मिळत नाही, आणि वरचे २८,८०० कुठून आणायचे हा प्रश्न खरेदीच्या दिवशी पडतो.

प्रशासकीय खर्चाबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे: संस्थेने ५ टक्क्यांहून जास्त दाखवायचा नाही. नियमातली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे आणि कंपनीच्या एकूण सीएसआर खर्चावर मोजली जाते. राबवणाऱ्या संस्थेच्या समन्वयकाचा पगार, हिशेबनिसाचे मानधन, लेखापरीक्षण शुल्क हे प्रकल्पाचे खर्च म्हणून मागता येतात. कंपनीने करारात आपली वेगळी मर्यादा घातली असेल तर गोष्ट निराळी.

इमारत किंवा मोठे यंत्र मागत असाल तर मालकी कोणाची राहणार ते लिहा. सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या बचत गटासारख्या समूहाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. एखाद्या विश्वस्ताच्या वैयक्तिक जागेवर वर्गखोली बांधण्याचा प्रस्ताव म्हणूनच उडतो.

सरकारी अनुदानाचा हिशेब

केंद्राच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू होतात. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, नमुना १२-ए मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचे असते. ते नसेल तर पुढचा हप्ता अडतो. अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज सरकारचे आहे आणि ते परत भरावे लागते. म्हणून प्रत्येक अनुदानाला वेगळे खाते उघडावे, नाहीतर व्याज कोणत्या पैशाचे हे दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. अनुदानातून घेतलेली वस्तू मंजुरीशिवाय विकता येत नाही, तेव्हा मालमत्ता नोंदवही पहिल्या खरेदीपासूनच ठेवावी.

व्यवसायांसाठी

व्यावसायिकाला मिळणारे अनुदान बहुतेक वेळा बँक कर्जाला जोडलेले असते. २०२५-२६ पर्यंत मंजूर झालेल्या पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) योजनेच्या अटी त्याचा नेमका नमुना आहेत. प्रकल्पाची कमाल किंमत उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये. अर्जदार १८ वर्षांवरील. उत्पादनात १० लाखांवर आणि सेवेत ५ लाखांवर प्रकल्प असेल तर आठवी पास. अनुदान सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, महिला व इतर विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० आणि विशेष गटांना ५ टक्के.

ग्रामीण भागातल्या महिलेचा १० लाखांचा उत्पादन प्रकल्प धरा. तिचा हिस्सा ५०,०००, बँकेचे कर्ज ९,५०,००० आणि अनुदान ३,५०,०००. हे साडेतीन लाख तिच्या हातात येत नाहीत. बँक ते ३ वर्षे मुदत ठेवीत अडकवते. ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. प्रकल्प चालू असल्याची खात्री झाली की ठेव कर्जात वळती होते. मधल्या काळात युनिट बंद पडले तर अनुदान परत जाते.

अर्ज फेटाळले जाण्याची कारणे ठरलेली आहेत: व्यवसाय आधीच सुरू आहे, कुटुंबातल्या दुसऱ्या सदस्याने लाभ घेतला आहे, जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरली आहे, किंवा यंत्रांची कोटेशन यंत्र न विकणाऱ्या दुकानाची आहेत. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, आधार व पॅनवर मोफत होते. आणि पोर्टलवर अर्ज टाकण्याआधी शाखा व्यवस्थापकाला प्रकल्प अहवाल दाखवून यावे, कारण कर्ज द्यायचे की नाही हे शेवटी बँकच ठरवते आणि सिबिल (कर्जफेडीची नोंद) खराब असेल तर ते पहिल्याच भेटीत कळते.