दिवाळीआधीची स्वयंपाकघराची साफसफाई

पावसाळा संपल्यावर आणि फराळाला हात लावायच्या आधी वर्षातून एकदा अख्खं स्वयंपाकघर रिकामं करायचं, धुवायचं, पुसायचं, उन्हं दाखवायची आणि परत जागच्या जागी लावायचं, याला महाराष्ट्रात दिवाळीची साफसफाई म्हणतात. घर तर सगळंच निघतं, पण खरा घाम काढतं ते स्वयंपाकघर.

वेळ सगळीकडे सारखी नसते. कोकणात आणि गोव्यात मोठी सफाई होते ती गणपतीच्या, म्हणजे चवथीच्या आधी, कारण तिकडे पाहुणे तेव्हा येतात. मराठवाड्यात आणि सोलापूर भागात घट बसायच्या आधी 'दसरा काढतात', त्यात भांडीकुंडी तर घासतातच पण गोधड्या, वाकळा, सतरंज्या सगळं गाठोड्यात बांधून नदीवर नाहीतर विहिरीवर नेऊन धुतात. मुंबई-पुण्याकडे बरीच घरं दसरा झाल्यावर कामाला लागतात. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण 20 दिवस मिळतात, त्यातला शेवटचा आठवडा फराळाला जातो, म्हणून हातात धड दोन आठवडेही राहत नाहीत, आणि नोकरीवाल्या घरात तर दोन रविवारच.

चुलीच्या काळात हे काम वेगळं होतं. धुराची काजळी आढ्यापर्यंत चढलेली असायची, त्यामुळे आधी जळमटं काढायची, मग भिंती पांढऱ्या मातीने पोतारायच्या, जमीन शेणाने सारवायची, उतरंडीतली मडकी एकेक करून खाली घ्यायची. गॅस आला, टाइल्स आल्या, काजळी गेली, पण तिची जागा तेलाच्या चिकट थराने घेतली.

सुरुवात डब्यांपासून होते आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे, घासणं त्याच्यानंतर. पावसाळ्यातल्या दमट हवेत तांदळात सोंडे होतात, रव्यात जाळी धरते, डाळींना भोकं पडतात, आणि हे सगळं डबा पूर्ण उपसल्याशिवाय दिसत नाही. वरून छान दिसणारा रवा चमच्याने उकरला की खाली गाठी आणि त्यात बारीक धागे निघतात. चाळून भागत नाही, कारण सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते, म्हणजे चाळणीतून गेलेला दाणा आतून पोखरलेला असू शकतो. गहू आणि डाळी ऑक्टोबरच्या कडक उन्हात दिवसभर पसरल्या की काम होतं, तांदूळ मात्र कडक उन्हात टाकू नयेत, त्यांना तडे जातात आणि भाताचा चुरा होतो, ते सावलीत वाऱ्यावर पसरायचे. रवा-मैदा शंका आली तर पिशवीत बांधून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा. परत भरताना गव्हात बिब्बे, तूरडाळीला एरंडेल तेल, तांदळात वाळलेला कडुलिंबाचा पाला ही जुनी पद्धत अजून चालू आहे, फक्त बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, तेवढं सांभाळायचं. आणि डबा धुतल्यावर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय भरायचा नाही, घाई करून ओलसर डब्यात डाळ भरली की महिन्याभरात बुरशीचा वास येतो आणि सगळी मेहनत वाया.

याच वेळी माळ्यावरची भांडी खाली येतात. त्यांच्यावर नावं कोरलेली असतात, कुणाच्या लग्नात आलेला डबा, कुणाच्या मुंजीतली ताटं, खाली तारीख, आणि आज्जी किंवा आत्या जवळ असली की प्रत्येक भांड्याची गोष्ट सांगते, त्यामुळे हे काम ठरल्यापेक्षा लांबतं आणि ते लांबू द्यावं. तुटक्या दांड्याचे कुकर, जळक्या कढया भंगारात जातात.

आता तो चिकट थर. फोडणीतून तेलाचे बारीक थेंब उडतात, ते वर जाऊन कपाटाच्या माथ्यावर, पंख्याच्या पात्यावर, डब्यांच्या झाकणांवर बसतात, त्यात धूळ मिसळते आणि महिने गेले की उष्णतेने आणि हवेने ते तेल घट्ट होऊन पिवळट वार्निशसारखं होतं. साध्या साबणाने ते फक्त पसरतं. त्याला लागतो धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, कारण सोड्यातला क्षार तेलाचा काही भाग साबणात बदलतो आणि बाकीचं सैल करतो. एक्झॉस्ट फॅनची पाती, स्टीलच्या जाळ्या, चिमणीचे स्टीलचे फिल्टर अर्धा तास भिजवले की ब्रशने निघतं, घासत बसावं लागत नाही. पण अॅल्युमिनियमची जाळी किंवा कढई या सोड्यात टाकू नये, ती काळी पडते. कपाटाच्या माथ्यावर रद्दी पेपर अंथरून ठेवला तर पुढच्या वर्षी नुसता पेपर बदलायचा, थर पेपरवरच बसतो.

ओटा कसला आहे ते बघून पुसावा. कडाप्पा हा चुनखडीचा दगड आहे, त्याच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर टाकलं तर चमक जाते आणि ठिपके पडतात, संगमरवराचंही तेच, ग्रॅनाइटला तेवढा त्रास होत नाही. तांब्या-पितळेला मात्र आंबटच हवं, चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं, म्हणून चिंच-मीठ किंवा हल्ली पितांबरी. आतून कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ करू नये, आधी कल्हईवाला शोधावा.

ट्रॉल्या पूर्ण बाहेर काढाव्यात. मागच्या कोपऱ्यात आणि फ्रिजच्या दाराच्या रबरात झुरळांच्या अंड्यांचे तपकिरी कोष सापडतात, घरात दिसणाऱ्या छोट्या जर्मन झुरळाच्या एका कोषात 30 ते 40 अंडी असतात, म्हणून ते झाडून तिथेच टाकून उपयोग नाही. मग कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्या, जिथे लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. गॅसची नळीही त्याच दिवशी बघायची, केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तारीख तिच्यावर छापलेली असते. ब्लीच आणि टॉयलेटचं अॅसिड कधीच एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि खिडकी नसलेल्या मोरीत तो फार धोकादायक असतो.

हे सगळं अजूनही बहुतेक घरांत एकटी बाई करते, ऑफिस सांभाळून, स्टुलावर चढून, आणि घरचे म्हणतात सांगितलं असतंस तर केलं असतं. ज्याला पंखा दिसतो त्याने पंखा पुसावा, सांगायची वाट कशाला बघायची. घरकामाच्या ताईंकडून ही सफाई करून घेतली तर तिचे पैसे वेगळे द्यावेत, दिवाळीच्या बोनसमध्ये धरू नयेत, बोनस हा वर्षभराच्या कामाचा असतो.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तिलाच लक्ष्मी मानतात, आणि काही घरांत त्या रात्री सूप वाजवत केर काढून अलक्ष्मीला बाहेर घालवतात. त्याच्या बऱ्याच आधी डबे आणि मिक्सर मोकळे झालेले लागतात, कारण अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात आणि चकलीची भाजणी भाजून गिरणीत न्यायची असते. शेगडीमागच्या टाइल्स मात्र शेवटी ठेवाव्यात, तळण झाल्यावर त्या परत तेलकट होणारच, तेव्हा कोमट असतानाच एकदा सोड्याचं फडकं फिरवलं की पुरतं.