चोंदलेली जाळी मोटरवरचं ओझं कमी करते

इंदुरात किचन चिमणी दुरुस्त करायला येणाऱ्या कारागिराचं एक ठरलेलं निदान असतं: "जाळी चोक झाली, मोटरवर लोड येतोय, म्हणून ओरडतेय." हेच निदान हल्ली शिकागो-टोरांटोहूनही ऐकू येतं. मुलांकडे हिवाळा काढून परतलेले आपल्याकडचे आजी-आजोबा तिथल्या फर्नेसच्या घरघरीबद्दल सांगतात, आणि "फिल्टर जाड घातला, मोटरला जड जातंय" असं कारणही सांगतात. तिथे बहुतेक तळघरात गॅसवर हवा तापवणारी भट्टी असते. एक मोठा ब्लोअर ती गरम हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत ढकलतो, आणि ब्लोअरच्या तोंडाशी घड्या घातलेला फिल्टर असतो. फिल्टर बदलला की आवाज बदलतो, हे निरीक्षण अगदी खरं आहे. कारण मात्र बहुतेक वेळा उलटं सांगितलं जातं.

हा समज कूलरमधून आला असावा असं मला वाटतं, कारण कूलरच्या बाबतीत तो बरोबर आहे. माळव्यातल्या मे महिन्यात बोअरिंगच्या जड पाण्याचे क्षार साचून वाळ्याचे किंवा हनीकॉम्बचे पॅड बुजतात. कूलरमधला पंखा साधा असतो: हवा मागून येते आणि सरळ पुढे जाते. ती अडली की पात्यांचा हवेशी असलेला कोन बिघडतो, पाती हवा पुढे ढकलण्याऐवजी जागच्या जागी घुसळत राहतात. मोटरवरचं ओझं खरोखर वाढतं, ती मंदावते आणि तापते. कूलरवर शिकलेला हात तोच नियम चिमणीला लावतो, आणि तिथे तो चुकतो.

चिमणीतला आणि फर्नेसमधला ब्लोअर पिंजऱ्यासारखा गोल असतो. त्याच्या परिघावर अरुंद, फिरण्याच्या दिशेनं पुढे वळलेल्या अनेक पात्या असतात. हवा मधल्या तोंडातून आत शिरते आणि पात्या तिला परिघावरून बाहेर भिरकावतात. मोटरला जोर लागतो तो या भिरकावण्यासाठी. हवाच आत येत नसेल तर भिरकावणार काय? विहिरीतून रिकामी बादली ओढणाऱ्याचे हात भरून येत नाहीत, तसंच हे आहे. म्हणजे जाळी चोंदली की या ब्लोअरचं ओझं कमी होतं. खात्री करायची असेल तर इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखं लावून करंट मोजणारं यंत्र, लावायला सांगा आणि चालू चिमणीच्या जाळीखाली क्षणभर पुठ्ठा धरा. करंट उतरलेला दिसेल.

याचं गणित लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं अठराव्या शतकातच मांडून ठेवलं आहे. चाकाला लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दोन गोष्टींच्या गुणाकाराएवढा असतो: दर सेकंदाला जाणाऱ्या हवेचं वस्तुमान, आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोला चाकानं दिलेला कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरण्याचा जोम. पात्या पुढे वळलेल्या असल्या की हवा बाहेर पडताना तिचा फिरण्याच्या दिशेतला वेग पातीच्या वेगाहूनही जास्त असतो, आणि हा जादा वेग हवेच्या प्रवाहावरच अवलंबून असतो. प्रवाह घटला की गुणाकारातले दोन्ही आकडे एकदम खाली येतात. ओझं इतकं झपाट्यानं उतरतं ते म्हणूनच. एक वाकडी पाती आणि इतका देखणा परिणाम!

आता मोटरकडे या. साध्या चिमणीतली इंडक्शन मोटर चार ध्रुवांची असेल तर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं. आतला रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्या नेहमी थोडा मागे राहतो, आणि जितकं ओझं जास्त तितका जास्त मागे. समजा स्वच्छ जाळीला तो 1350 फेऱ्यांनी फिरतोय आणि जाळी बुजल्यावर, ओझं उतरल्यामुळे, 1440 वर गेला. पात्या 40 धरल्या तर घरघरीत दडलेला पात्यांचा सूर 900 हर्ट्झवरून 960 वर चढतो. हे गुणोत्तर आहे 16:15, म्हणजे षड्जावरून कोमल ऋषभावर. गायक अमीर खाँसाहेबांच्या शहरात ज्यांचे कान तयार झालेत, त्यांना हा फरक मीटर न लावताही कळेल. कारागिराला मोटर "ओरडतेय" असं वाटतं, कारण सूर चढलेला असतो. प्रत्यक्षात ती हलकी होऊन पळत असते. धूर मात्र स्वयंपाकघरातच राहतो, म्हणून जाळी धुवायलाच हवी. शिवाय मोटर हवेच्या झोतातच बसवलेली असेल, तर तिला गार ठेवणारा झोतही घटलेला असतो.

मग दाट फिल्टर घातल्यावर काही घरांत आवाज खरोखरच मोठा का होतो? कारण तिथली मोटर वेगळी असते. नव्या फर्नेसमध्ये आपल्या बीएलडीसी पंख्यांच्या जातीची, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची मोटर येते, आणि अनेक मॉडेलांमध्ये तिला हुकूम दिलेला असतो: काहीही झालं तरी ठरलेली हवा गेलीच पाहिजे. फिल्टर दाट झाला की ती मुद्दाम वेग वाढवते. हवा तेवढीच पण दाब दुप्पट, म्हणजे हवेवर करायचं काम दुप्पट आणि वीजही जास्त. ब्लोअरचा आवाज ढोबळमानानं वेगाच्या पाचव्या घातानं वाढतो. वेग सव्वापट झाला तर जवळजवळ 5 डेसिबल, दुप्पट झाला तर 15 डेसिबल. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाज वाटते. म्हणून एकच फिल्टर एका घरात आवाजाचा फक्त सूर बदलतो आणि दुसऱ्या घरात झोप उडवतो.

आता निवडीचं बोलू. अमेरिकेत फिल्टरची प्रतवारी मर्व्ह या मापानं करतात, 1 ते 16. आकडा जितका मोठा तितकी बारीक धूळ अडते. दुकानदार आकडा वाढवून विकतो. आवाजाच्या दृष्टीनं मात्र मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते कागदाचं क्षेत्रफळ. बारीक तंतूंमधून हवा इतकी सावकाश जाते की दाबातली घट वेगाच्या सरळ प्रमाणात असते. घड्या खोल करून कागद चौपट केला की प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून जाणारा वारा चौथाई होतो, आणि त्या कागदानं खाल्लेला दाबही. म्हणून 13 मर्व्हचा चार इंची फिल्टर त्याच प्रतीच्या एक इंची फिल्टरपेक्षा शांत चालतो. जाडी इथे अडथळा वाढवत नाही, घटवते.

हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली इंदूरच्या दुकानांत सैंधवाचे दिवेही विकले जातात, "ऋण आयन सोडतात" असं सांगून. त्या दिव्यातून हवा शुद्ध होईल इतके आयन निघत नाहीत. तो निर्जीव खडा धूळ अडवत नाही, धूर ओढत नाही. शोभेसाठी खुशाल घ्या, पण घरात दम्याचा रुग्ण असेल तर ते पैसे खऱ्या फिल्टरवर घाला.

आपल्या चिमणीत मुख्य निवड असते ती जाळीची किंवा बॅफलची. अॅल्युमिनियमच्या जाळीच्या थरांत रोजच्या फोडणीचं तेल चिकटत जातं आणि वाट लवकर बुजते. बॅफलमध्ये वाकवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांतून हवेला एकदम वळण घ्यावं लागतं. जड तेलाचे थेंब वळू शकत नाहीत, पत्र्यावर आपटतात आणि खाली गळतात. वाट मोकळी राहते, त्यामुळे आवाजही महिनोन्महिने जवळजवळ सारखा राहतो. आपल्या तळणीच्या स्वयंपाकाला मी बॅफलच सुचवेन. फिल्टर कुठलाही असो, बारीक शिट्टी ऐकू आली तर दोष मोटरचा नसण्याचीच शक्यता जास्त. चौकट वाकून फट राहिली की तेवढ्या चिंचोळ्या जागेतून हवा जोरात घुसते आणि वाजते. चौकट सरळ करून खाचेत नीट बसवली की ती शिट्टी थांबते.