परवीन की पर्सिस? मलबारवाल्या दोन पारशिणींचा घोळ

"ती जुन्या मुंबईतली पारशी बाई असते ना, खून शोधणारी, मलबार काहीतरी नाव आहे पुस्तकाचं, ती सिरीज कशी आहे?" असं कोणी विचारलं की उत्तर द्यायच्या आधी विचारावं लागतं, कुठली? कारण अशा दोन आहेत. दोन्ही नायिका पारशी, दोघींचीही नावं 'प'वरून, दोघी आपापल्या कामात पहिल्या बाई, दोघींचे वडील फोर्टातले, आणि दोन्ही सिरीजच्या पहिल्या पुस्तकाच्या नावात मलबार. आता एवढं सगळं जुळल्यावर माणसाने गोंधळू नये तर काय करावं.

एक आहे परवीन मिस्त्री, लेखिका सुजाता मॅसी. पहिलं पुस्तक 'द विडोज ऑफ मलबार हिल', २०१८ चं, आपल्याकडे तेच 'अ मर्डर ऑन मलबार हिल' या नावाने आलं, त्यामुळे दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवू नका. दुसरी पर्सिस वाडिया, लेखक वसीम खान, पहिलं पुस्तक 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाऊस', २०२० चं. मलबार हिल म्हणजे आपली मलबार हिलच, श्रीमंतांचे बंगले. मलबार हाऊस म्हणजे मात्र पोलिसांचं ऑफिस, आणि तेही कसलं, जे अधिकारी डिपार्टमेंटला नकोसे झालेत त्यांना नेऊन टाकायची जागा.

परवीन वकील आहे, साल १९२१. ऑक्सफर्डला कायदा शिकून आलीये आणि वडिलांच्या, जमशेदजींच्या, फोर्टमधल्या फर्ममध्ये काम करते, पण कोर्टात उभं राहून बाजू मांडता येत नाही, कारण बायकांना ती परवानगीच नव्हती, ती देणारा कायदा आला १९२३ ला. म्हणून ही करारनामे, मृत्युपत्रं, इस्टेटीची कागदपत्रं बघत बसते. आणि गोष्ट सुरू होते ती अशाच एका कागदावरून. एक मुसलमान गिरणीमालक वारलाय, मागे तीन विधवा, तिघी पडद्यात, आणि तिघींनी आपला हिस्सा ट्रस्टला देऊन टाकायला सही केलीये. परवीन कागद बघते तर त्यातल्या एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारलीये. म्हणजे जिला बहुतेक वाचताही येत नाही तिने हा कागद कशावर विश्वास ठेवून सोडला? कुठे रक्त नाही की किंकाळी नाही, एक फुली फक्त, आणि मला तरी आख्ख्या सिरीजमधली हीच जागा सगळ्यात आवडते. वकिलाने खून शोधायचा तर असाच शोधायचा ना.

आता घरातला पुरुष कारभारी या बायकांशी बोलणार तो जाळीपलीकडून. पोलीसही आत जाऊ शकत नाहीत. परवीन जाऊ शकते, कारण ती बाई आहे. सगळी गंमत तिथेच आहे. जे बाईपण तिला कोर्टात नडतं तेच जनान्यात किल्लीसारखं चालतं. दुसऱ्या पुस्तकातही तेच: 'द सातापूर मूनस्टोन'मध्ये ती सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात जाते, ब्रिटिशांच्या कोल्हापूर एजन्सीच्या वतीने, कारण दोन राण्यांचं, सासू आणि सुनेचं, छोट्या महाराजाच्या शिक्षणावरून बिनसलंय आणि दोघी पडद्यात, मग पाठवणार कोणाला? पावसाळी डोंगर, पालखीचा प्रवास, वाड्यातलं राजकारण, आपल्या वाचकाला हे वातावरण लगेच ओळखीचं वाटेल.

आणि हे अगदीच हवेतलं नाहीये. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या बाई, आणि त्यांनी पुढे खरंच पडद्यातल्या जमीनदार बायकांच्या मालमत्तेचं काम वर्षानुवर्षं केलं. मुंबईत मिथन टाटा, लग्नानंतरच्या मिथन लाम, बॅरिस्टर झाल्या. परवीन या दोघींवरून सुचलेली आहे.

पर्सिसचं बरोबर उलटं. १९४९ ची ३१ डिसेंबरची रात्र, सगळं शहर पार्टीत, आणि ही इन्स्पेक्टर मलबार हाऊसमध्ये नाइट ड्युटीवर. फोन वाजतो, सर जेम्स हेरियट नावाच्या बड्या इंग्रज अधिकाऱ्याचा त्याच्याच घरच्या पार्टीत खून झालाय, आणि तो माणूस सरकारसाठी फाळणीच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करत होता. केस हिच्या गळ्यात पडते. हिच्याकडे वर्दी आहे, अधिकार आहे, कायद्याने कुठलंही दार उघडायला लावू शकते, पण दार उघडणारा तिच्या मागे बघतो, साहेब कुठे आहेत म्हणून. इथे बाईपण ही किल्ली नाही, अडसर आहे. आणि तिच्यामागे कॉर्नेलिया सोराबजीसारखं कोणी खरं नाही, ती लेखकाने इतिहासाच्या पुढे पाठवलेली बाई आहे, आपल्याकडे आयएएसमध्ये पहिल्या बाई, अ‍ॅना राजम, आल्या त्या १९५१ मध्ये आणि आयपीएसमध्ये किरण बेदी थेट १९७२ ला, त्यावरून १९५० च्या लेडी इन्स्पेक्टरचं काय होत असेल ते समजा.

स्वभावही वेगळे. परवीन माणसं सांभाळून बोलते, गोड बोलून काढून घेते. पर्सिस तुसडी आहे, जे मनात ते तोंडावर, सोबतीला लंडनहून आलेला फॉरेन्सिकवाला आर्ची ब्लॅकफिंच, तोही माणसांत जरा अवघडलेलाच, त्यामुळे या दोघांचं जे काही चालतं ते वाचताना आपणच वैतागतो की बोला की आता. पण तिच्या घरचं मला फार आवडतं, वडिलांचं पुस्तकांचं दुकान, ते स्वतः व्हीलचेअरवर आणि जिभेला धार, आई लहानपणीच गेलेली, आणि लग्नाचा लकडा लावणारी नुसी मावशी. हे घर बघून लोक 'अरे ही पण कोझीच' म्हणतात, कोझी म्हणजे रक्तपात फारसा न दाखवणारी, घरगुती, उबदार रहस्यकथा. तसं नाहीये. पर्सिसचं पुस्तक पोलीस तपासाचं आहे, वरचे साहेब कोणाला तरी घाईघाईने गुन्हेगार ठरवून मोकळे होतात आणि ही अडून बसते, असला मामला, आणि मागे फाळणीची जखम अजून ओली.

मग परवीन पूर्ण कोझी का? बऱ्यापैकी. दादर पारशी कॉलनीतलं घर, नव्याने वसत असलेली कॉलनी, आई-वडील, भाऊ-वहिनी, गोव्याचा स्वैपाकी जॉन, पोटभर खाणं, ऑक्सफर्डची मैत्रीण अ‍ॅलिस, हे सगळं आहे आणि खून शक्यतो पडद्याआड होतात. पण तिचं कलकत्त्याचं लग्न वाचताना उबदार बिबदार काही वाटणार नाही. पाळीच्या दिवसांत सुनेला कोंडून ठेवणारी सासू, नवऱ्याची मारहाण, आणि तेव्हाच्या पारशी कायद्यात घटस्फोट मिळेना म्हणून नुसतीच विभक्त. तेवढी पानं जड आहेत, आधीच सांगून ठेवते.

जागेचं म्हणाल तर परवीनची मुंबई आतून दिसते, दिवाणखाने, जनाना, स्वैपाकघरं. तिसऱ्या पुस्तकात मात्र ती रस्त्यावर येते, १७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला आणि दंगली पेटल्या, पारशांवर हल्ले झाले, ते दिवस. पर्सिसची मुंबई बाहेरची, संस्थांची. 'द डाईंग डे'मध्ये एशियाटिक सोसायटीतून इटालियन कवी दान्तेचं हस्तलिखित गायब होतं, आणि हे हस्तलिखित खरंच आहे बरं का, टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढून गेलं की ज्या संस्थेत जातो तिच्याच संग्रहात. मात्र एक तक्रार दोन्हीकडे, मराठी माणूस फार कमी. गिरणीमालक आहे, गिरणगाव नाही. पारशी-इंग्रज मुंबई मस्त उतरलीये, गिरगाव-परळ मात्र मला शोधावं लागलं.

वाचायला घेताना परवीन पहिल्यापासूनच घ्या, लग्नाची गोष्ट पहिल्या पुस्तकात आहे आणि ती माहीत नसेल तर पुढे ती पुरुषांपासून इतकी जपून का राहते ते कळणार नाही. पर्सिस 'द डाईंग डे'पासून घेतली तरी चालतं, कोडी सोडवायची हौस असेल तर उलट तेच आधी घ्या. आणि वसीम खानचंच पण खरंखुरं हलकंफुलकं हवं असेल तर पर्सिसला हात लावू नका, त्याची आधीची इन्स्पेक्टर चोप्रावाली सिरीज घ्या, रिटायर झालेला मुंबईचा पोलीस आणि त्याला वारशात मिळालेलं हत्तीचं पिल्लू. हो, हत्तीचंच.